फोन नेमका कुठून आला? अमेरिकेची ९८८ हेल्पलाइन आणि ठावठिकाण्याचा कायदा

घरोघरी लँडलाइन होती त्या काळात फोनचा नंबर आणि जागा यांचे नाते पक्के होते. ०२० ने सुरू होणारा नंबर पुण्याचा, ०२२ चा मुंबईचा आणि ०८३२ चा गोव्याचा, हे सांगायला कोणी जाणकार लागत नसे. एसटीडी बूथमधल्या तक्त्यावर ते लिहिलेलेच असे. मोबाइल आला आणि हे नाते सैल झाले. जुलै २०१५ पासून भारतात नंबर न बदलता दुसऱ्या राज्यातही सेवा घेता येऊ लागली, आणि कोल्हापुरात घेतलेला नंबर गुवाहाटीत वर्षानुवर्षे वापरणे ही साधी गोष्ट झाली. रोजच्या व्यवहारात यामुळे कोणाचे फारसे अडत नाही. फोन करणारा मोठ्या मानसिक संकटात असेल आणि तो कुठे आहे याचा अंदाज यंत्रणा केवळ त्याच्या नंबरावरून बांधत असेल, तर मात्र फार अडते. अमेरिकेत मानसिक संकटातल्या माणसांसाठी असलेल्या ९८८ या हेल्पलाइनच्या बाबतीत नेमके हेच घडले आणि ते दुरुस्त करण्यासाठी तिथे कायदे, विधेयके आणि नियम यांची एक लांबलचक मालिका सुरू झाली.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिकची एक मुलगी आयोवा राज्यातील एम्स या गावी एमएस करायला गेली. तिथे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने मोबाइलचे कनेक्शन घेतले आणि तिला ५१५ ने सुरू होणारा नंबर मिळाला. ५१५ हा आयोवाच्या त्या भागाचा एरिया कोड आहे. दोन वर्षांनी तिला कॅलिफोर्नियात सॅन होजेला नोकरी लागली. नंबर तिने बदलला नाही, कारण बँक, कंपनी, व्हिसाची कागदपत्रे सगळीकडे तोच दिलेला होता. शिवाय अमेरिकेत असे करण्यात काही विशेषही नाही. पुढे कंपनीत कपात होऊन नोकरी गेली, दुसरी शोधायला हातात एच-१बी या कामाच्या व्हिसाचे साठ दिवस उरले, आणि एका रात्री विचारांनी तिला इतके घेरले की तिने ९८८ फिरवला. जुन्या पद्धतीनुसार तो फोन वाजला असता आयोवात, ती असलेल्या जागेपासून जवळजवळ अर्धा देश दूर.

फोन उचलणारा समुपदेशक तिचे मनापासून ऐकून घेईल यात शंका नाही, आणि बहुतेकदा ऐकून घेणे हीच सर्वांत मोठी मदत असते. मात्र बोलणे पुढे सरकले आणि ‘उद्या सकाळी मी कोणाला भेटू शकते?’ असे तिने विचारले, तर आयोवातल्या माणसाजवळ सॅन होजेचे उत्तर सहसा नसणार.

९८८ ची रचना समजली की ही अडचण कुठून आली ते उमगते. हा तीन आकडी नंबर १६ जुलै २०२२ रोजी अमेरिकेत देशभर सुरू झाला. त्याआधी २००५ पासून एक दहा आकडी टोल फ्री नंबर होता आणि आजही पडद्याआड तोच काम करतो: आपण ९८८ फिरवला की मोबाइल कंपनीची यंत्रणा तो कॉल त्या जुन्या नंबराकडे वळवते. तेथून कॉल एका मध्यवर्ती व्यवस्थेत पोहोचतो. ही व्यवस्था न्यूयॉर्कची व्हायब्रंट इमोशनल हेल्थ ही संस्था चालवते आणि तिच्यावर देखरेख असते केंद्र सरकारच्या साम्सा या विभागाची, ज्याच्याकडे मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीचे काम आहे. ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते. माजी सैनिकांनी १ दाबायचा, स्पॅनिश भाषकांनी २. बाकीच्यांचा कॉल देशभरातील दोनशेहून अधिक स्थानिक केंद्रांपैकी एकाकडे जातो, आणि तिथे तो ठरावीक वेळेत उचलला गेला नाही तर राखीव राष्ट्रीय केंद्राकडे वळतो.

दोनशेपैकी नेमके कोणते केंद्र, हे ठरत होते एरिया कोडवरून. अमेरिकेतील एरिया कोडची आखणी १९४७ ची, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या वर्षाची. तेव्हा फोन भिंतीला तारेने बांधलेला होता, त्यामुळे नंबर म्हणजे पत्ता हे गृहीतक बरोबरच होते. नोव्हेंबर २००३ पासून कंपनी बदलली तरी मोबाइल नंबर कायम ठेवण्याची सोय झाली, माणसे शिक्षणासाठी, नोकरीसाठी राज्ये ओलांडत राहिली, आणि नंबर त्यांच्या खिशातून सोबत गेले. भारतातल्या मोबाइल नंबरात निदान गावाचे नाव दडलेले नसते, त्यामुळे नंबर पाहून आपली फसगत होत नाही. अमेरिकेतला मोबाइल नंबर मात्र लँडलाइनसारखाच दिसतो आणि त्यातले पहिले तीन आकडे एखाद्या गावाचे नाव सांगत राहतात, मालकाने ते गाव दहा वर्षांपूर्वी सोडलेले असले तरी. ९८८ ला येणाऱ्या कॉलपैकी सुमारे ८० टक्के मोबाइलवरून येतात, हे लक्षात घेतले म्हणजे या जुन्या गृहीतकाची किंमत कळते.

कोणी म्हणेल, बोलायचेच तर आहे, मग फोन कुठेही लागला तरी काय बिघडले? हा आक्षेप वरवर बरोबर वाटतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे.

अमेरिकेत मानसिक आरोग्याची सेवा ही देशाची एकसंध व्यवस्था नाही. ती राज्यांची, काउंट्यांची, कधी एखाद्या शहराची असते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. एखाद्या काउंटीत संकटात सापडलेल्या माणसाच्या घरी परिचारिका आणि समुपदेशक यांचे फिरते पथक जाते; शेजारच्या काउंटीत असे पथक फक्त दिवसा असते; तिसरीत ते नसतेच, पण रात्रभर थांबता येईल असे एखादे केंद्र असते, जिथे पोलीस नाहीत आणि इस्पितळाचे बिलही नाही. ही माहिती सतत बदलत असते. ओरेगन राज्यातील युजीन शहराचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. तिथे १९८९ पासून काहूट्स नावाचे पथक पोलिसांऐवजी मानसिक संकटाच्या कॉलवर धावून जात असे, आणि त्याची ख्याती एवढी की देशातल्या इतर शहरांनी त्याचा कित्ता गिरवला. एप्रिल २०२५ मध्ये त्या शहरातली ही सेवा बंद झाली. दूरच्या राज्यातला समुपदेशक जुन्या ऐकीव माहितीवर एखाद्याला ‘तुमच्याकडे काहूट्स आहे, त्यांना बोलवा’ असे सांगून बसला, तर आधीच खचलेल्या माणसाच्या वाट्याला आणखी एक बंद दार येईल. स्थानिक केंद्राला असे बदल कानोकानी कळतात, कारण त्या पथकातली माणसे त्याच्या रोजच्या ओळखीतली असतात.

दुसरे कारण पैशाचे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये संमत झालेल्या कायद्याने राज्यांना ९८८ साठी फोनच्या बिलावर छोटा आकार लावण्याची परवानगी दिली, जसा ९११ या पोलीस-अग्निशमनाच्या आपत्कालीन नंबरासाठी पूर्वीपासून लावला जातो. व्हर्जिनियाने दर मोबाइलमागे महिन्याला १२ सेंट घेण्याचे ठरवले, वॉशिंग्टन राज्याने २४ सेंटने सुरुवात करून पुढे ४० सेंट केले, कॅलिफोर्नियाने ८ सेंटने आरंभ केला. राज्याने आपल्या नागरिकांकडून पैसे घेऊन केंद्र उभे करायचे आणि त्या केंद्राने मुख्यतः राज्य सोडून गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन उचलायचे, ही व्यवस्था राज्यांना पटणारी नव्हती. विद्यापीठांची गावे असलेल्या भागांत ही विसंगती विशेष जाणवणे साहजिक होते. कोणत्या भागात खरोखर किती कॉल येतात हेच नीट कळत नसेल, तर माणसे किती नेमायची याचा हिशेबही चुकतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ‘फोन कुठून आला’ हा एकच प्रश्न वाटतो, पण त्याच्या पोटात दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला: हा फोन कोणत्या केंद्राने उचलावा? दुसरा: या माणसाच्या दारापर्यंत कोणाला पाठवायचे झाले, तर ते दार नेमके कोणते? पहिल्याचे उत्तर देण्यासाठी माणूस कोणत्या काउंटीत आहे एवढे कळले तरी पुरते. दुसऱ्यासाठी रस्ता, इमारत, मजला आणि खोली लागते. तिकडच्या चर्चेत पहिल्याला जिओराउटिंग म्हणतात आणि दुसऱ्याला जिओलोकेशन. नावे जुळ्या बहिणींसारखी आहेत, आणि त्यामुळे अनेक बातम्यांत आणि भाषणांतही त्यांची गल्लत होते. परिणामांच्या दृष्टीने मात्र दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकात फोन योग्य माणसाकडे जातो. दुसऱ्यात माणसाचा पत्ता फोनमागून कोणाच्या तरी हाती जातो.

९११ या आपत्कालीन नंबराच्या बाबतीत अमेरिकेने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे निःसंकोच ठरवले आहे. १९६८ मध्ये अलाबामातील हेलीव्हिल या छोट्या गावातून पहिला ९११ कॉल झाला. मोबाइल आल्यानंतर कॉलसोबत ठावठिकाणा पाठवण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने कडक होत गेली, आणि २०१८ च्या रे बॉम कायद्यानंतर तर इमारतीतला मजला आणि खोलीपर्यंत पोहोचता येईल असा पत्ता देण्याचे नियम आले. घराला आग लागलेली असताना कोणी पत्ता लपवू इच्छित नाही, त्यामुळे तिथे वाद फारसा उद्भवत नाही. मग तीच यंत्रणा ९८८ ला जोडून का दिली नाही, असा प्रश्न कोणत्याही सरळ विचार करणाऱ्या माणसाला पडेल.

याचे उत्तर माणसे ९८८ ला फोन का करतात, यात आहे. पुष्कळजण नाव सांगत नाहीत. काहींना घरच्यांना कळू द्यायचे नसते, काहींना नोकरीची भीती असते, आणि स्थलांतरितांच्या मनात तर पोलीस, व्हिसा आणि नोंदी या तिन्हींची भीती एकत्र असते. या भीतीमागे घडलेल्या घटना आहेत. जून २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील वॉलनट क्रीक येथे माइल्स हॉल हा २३ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण मानसिक आजाराच्या भरात असताना कुटुंबाने मदतीसाठी ९११ ला बोलावले. आलेल्या पोलिसांच्या गोळीबारात तो मृत्युमुखी पडला. कॅलिफोर्नियाने पुढे ९८८ साठी जो राज्य कायदा केला त्याला माइल्सचे नाव दिले आहे. ९८८ देशभर सुरू झाला तेव्हा समाजमाध्यमांवर ‘हा नंबर फिरवू नका, ते पोलीस पाठवतात’ असे इशारे वेगाने पसरले. त्यांतली अतिशयोक्ती दाखवून देणे सोपे होते, कारण साम्साच्या म्हणण्यानुसार दोन टक्क्यांहून कमी कॉलमध्ये आपत्कालीन सेवा बोलवावी लागते. पण मनात बसलेली भीती टक्केवारी ऐकून निघून जात नाही. आपला पत्ता आपोआप जातो असे एकदा लोकांना वाटले, की ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे तोच फोन करायचा थांबेल. हेल्पलाइनच्या दृष्टीने याहून मोठा तोटा नाही.

त्यात भर म्हणजे ठावठिकाण्याच्या माहितीबाबत मोबाइल कंपन्यांचा लौकिक फारसा चांगला नाही. एप्रिल २०२४ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या दूरसंचार नियामक आयोगाने, ज्याला तिथे एफसीसी म्हणतात, देशातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांना मिळून सुमारे २० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. ग्राहकांच्या संमतीवाचून त्यांच्या ठिकाणाची माहिती इतरांना उपलब्ध करून दिल्याचा ठपका होता. कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. त्या दंडाचे पुढे काहीही होवो, ही माहिती एकदा साठली की ती हातोहात फिरू शकते, हे तेव्हा सर्वांनी पाहिले.

या पार्श्वभूमीवर कायद्यांची मालिका वाचली की तिच्यातले वळण लक्षात येते. ऑगस्ट २०१८ मध्ये पहिला कायदा झाला. त्यात फक्त एवढेच होते की आत्महत्या प्रतिबंधासाठी तीन आकडी नंबर शक्य आहे का, याचा एफसीसीने अभ्यास करावा. युटा राज्याचे सिनेटर ऑरिन हॅच यांचा त्यामागे पुढाकार होता. अभ्यासातून ९८८ या आकड्याची शिफारस आली. मग १७ ऑक्टोबर २०२० रोजी दुसऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि ९८८ ला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. याच कायद्यात एक कलम असे होते की ९८८ च्या कॉलसोबत पथक पाठवता येईल इतका नेमका ठावठिकाणा आपोआप देता येईल का आणि त्याला खर्च किती येईल, याचा अहवाल एफसीसीने द्यावा. म्हणजे कायदेमंडळाने विचारला तो दुसरा, अवघड प्रश्न. पहिला, सोपा प्रश्न त्यात स्पष्टपणे नव्हता.

एप्रिल २०२१ मध्ये अहवाल आला आणि त्याने तांत्रिक अडचणी, खर्च, कायदेशीर जबाबदारी आणि खासगीपणा या चारही बाजूंचे गुंते मांडले. मे २०२२ मध्ये एफसीसीने या विषयावर जाहीर चर्चासत्र घेतले. मला वाटते, याच काळात तिथल्या धोरणकर्त्यांच्या ध्यानात आले की दारापर्यंत पोहोचण्याच्या वादात योग्य केंद्रापर्यंत पोहोचण्याचे साधे काम विनाकारण अडकून पडले आहे. दोन प्रश्न सुटे केले असते तर दोन वर्षे आधीच पुष्कळ काही झाले असते, असे आज मागे वळून म्हणणे सोपे आहे; पण गुंता सुटा दिसायलाही कधीकधी अहवालांचा तेवढा ढीग लागतो.

२०२३ मध्ये कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट सिनेटर अ‍ॅलेक्स पडिया आणि नॉर्थ कॅरोलायनाचे रिपब्लिकन सिनेटर थॉम टिलिस यांनी ‘लोकल ९-८-८ रिस्पॉन्स अ‍ॅक्ट’ हे विधेयक मांडले. प्रतिनिधिगृहात टोनी कार्डेनास यांनी ते पुढे नेले. विधेयकाचा गाभा छोटा होता. ९८८ चे कॉल एरिया कोडऐवजी फोन करणारा जिथे आहे त्याच्या जवळच्या केंद्राकडे जावेत असे नियम एफसीसीने करावेत, आणि ते करताना त्याचा खासगीपणा जपला जावा. इथे कायद्याची भाषा पहिल्या प्रश्नापुरती मर्यादित राहिली, आणि माझ्या मते या विधेयकाचे खरे कौशल्य याच संयमात आहे. दोन विरोधी पक्षांचे सिनेटर एकत्र येऊ शकले, तेही बहुधा त्यामुळेच.

विधेयक त्या कायदेमंडळाची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपेपर्यंत कायदा होऊ शकले नाही. पण मधल्या काळात त्यात मागितलेले बहुतेक काम एफसीसीने स्वतःच्या अधिकारात करून टाकले. एप्रिल २०२४ मध्ये नियमाचा मसुदा आला, सप्टेंबरमध्ये मोठ्या कंपन्यांपैकी काहींनी नव्या पद्धतीने कॉल पाठवायला सुरुवातही केली, आणि १७ ऑक्टोबर २०२४ रोजी, योगायोगाने २०२० च्या कायद्याला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, अंतिम नियम मंजूर झाला. देशभर सेवा देणाऱ्या कंपन्यांना नियम अमलात आल्यापासून ३० दिवसांची मुदत मिळाली आणि लहान कंपन्यांना २४ महिन्यांची.

नियमातली तांत्रिक युक्ती समजायला अवघड नाही. मोबाइल कोणत्याही क्षणी एखाद्या टॉवरशी जोडलेला असतो, त्याशिवाय कॉल लागतच नाही. तो टॉवर कुठे आहे हे कंपनीला ठाऊक असते. ९८८ चा कॉल येताच कंपनी टॉवरचे नाव पुढे कळवत नाही. तो टॉवर ज्या काउंटीत किंवा तशाच एखाद्या मोठ्या हद्दीत येतो, त्या हद्दीचा सांकेतिक क्रमांक तेवढा कॉलसोबत पाठवते. मध्यवर्ती व्यवस्था तो क्रमांक पाहून त्या हद्दीचे केंद्र निवडते. म्हणजे पत्रावर घराचा पत्ता लिहिलेलाच नाही, फक्त जिल्ह्याचा शिक्का आहे. नियमात हे स्पष्ट शब्दांत बांधून घातले आहे की पाठवलेल्या माहितीवरून टॉवरची जागा किंवा फोनची नेमकी जागा ओळखता येता कामा नये. हा सांकेतिक क्रमांक मिळालाच नाही, तर यंत्रणा जुन्या पद्धतीने एरिया कोडवर परत जाते. कॉल तुटत नाही.

ही हद्द किती ऐसपैस असू शकते याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे ५२ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे ती पुणे जिल्ह्याच्या तिपटीहून मोठी आणि गोव्याच्या जवळजवळ चौदा पट. एवढ्या प्रदेशात कुठूनतरी फोन आला आहे, एवढेच समुपदेशकाच्या बाजूला कळते. पाठलाग करणाऱ्याला ही माहिती निरुपयोगी आहे. आपले फिरते पथक आज रात्री कामावर आहे की नाही हे माहीत असणाऱ्या केंद्राला मात्र ती पुरेशी आहे. सॅन होजेच्या त्या मुलीचा फोन आता सांता क्लारा काउंटीच्या क्रमांकासह जातो, आणि ५१५ हे आकडे त्यात निर्णायक राहत नाहीत.

मग जीव धोक्यात आहे आणि माणूस पत्ता सांगायला तयार नाही, अशा वेळी काय होते? जिओराउटिंगने या प्रसंगात काही बदलत नाही, आणि हे नीट लक्षात ठेवायला हवे. आधी समुपदेशक बोलून, विश्वास मिळवून, माणसाच्या संमतीने मार्ग काढायचा प्रयत्न करतो. ते अशक्य झाले आणि धोका अगदी समोर दिसत असेल, तर तो ९११ च्या केंद्राला फोन करणाऱ्याचा नंबर कळवतो. तिथून मोबाइल कंपनीला विचारणा होते. जिवावर बेतलेल्या प्रसंगात कंपनीने न्यायालयाच्या आदेशाशिवाय ठिकाण सांगण्यास केंद्रीय कायदा मुभा देतो. या साखळीत वेळ जातो. २००७ मध्ये कॅन्ससमधील केल्सी स्मिथ या १८ वर्षांच्या मुलीचे अपहरण झाले तेव्हा तिच्या फोनचे ठिकाण मिळायला चार दिवस लागले होते. त्यानंतर अनेक राज्यांनी अशा वेळी कंपन्यांनी माहिती दिलीच पाहिजे असे कायदे तिच्या नावाने केले. ते प्रकरण गुन्ह्याचे होते, पण मुभा आणि सक्ती यांत किती तास आणि दिवस वाया जाऊ शकतात, हे त्यातून दिसले.

म्हणूनच ९८८ लाही नेमका ठावठिकाणा हवा, असे म्हणणारे लोक आहेत आणि त्यांना असंवेदनशील ठरवणे अन्यायाचे होईल. ज्या समुपदेशकाने फोनच्या पलीकडचा आवाज मंदावत जाताना ऐकला आहे आणि पत्ता माहीत नाही म्हणून जो हतबल बसून राहिला आहे, त्याला खासगीपणाचा युक्तिवाद कोरडा वाटणारच. तरीही मला सध्याची वाटणी योग्य वाटते. ज्या दोन टक्क्यांहून कमी कॉलमध्ये दार गाठावे लागते त्यांच्यासाठी उरलेल्या सगळ्यांचे दार यंत्रणेला आपोआप दिसू लागले, तर त्या उरलेल्यांपैकी किती जण पुन्हा फोन करतील? दुसऱ्या मार्गाने, म्हणजे ९११ आणि कंपन्या यांच्यातली ती साखळी जलद करून, त्या थोड्या प्रसंगांची सोय लावता येते. तो रस्ता रटाळ आहे. पण त्यात विश्वास गहाण पडत नाही.

नियम झाला असेल तर कायद्याची गरज उरते का, हाही रास्त प्रश्न आहे. आयोगाने केलेला नियम पुढचा आयोग ठरावीक प्रक्रियेने बदलू शकतो. शिवाय जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चाळीस वर्षांचे जुने तत्त्व मोडीत काढले. कायद्यातील संदिग्ध शब्दांचा सरकारी संस्थेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालये मान्य करीत; आता तसे बंधन राहिलेले नाही. त्यामुळे कायदेमंडळाने स्पष्ट शब्दांत सांगितलेली गोष्ट आणि आयोगाने आपल्या अधिकारांचा अर्थ लावून केलेली गोष्ट, यांच्या टिकाऊपणात पूर्वीपेक्षा जास्त फरक पडला आहे. खासगीपणाची हमी तर विशेषेकरून कायद्यात असावी. आज काउंटीपुरती मर्यादित असलेली माहिती उद्या टॉवरपर्यंत आणि परवा खोलीपर्यंत नेण्याचा मोह कोणाला झाला, तर त्याला उघड मतदानाला सामोरे जावे लागेल.

संदेशांचे काम अजून मागे आहे. ९८८ वर एसएमएस पाठवूनही मदत मागता येते आणि तरुण मुले पुष्कळदा तेच करतात. वसतिगृहातल्या खोलीत दुसरा कोणी असताना बोलण्यापेक्षा टाइप करणे सोयीचे असते. पण कॉलचा आणि संदेशाचा मार्ग वेगळा असल्यामुळे कॉलसाठीची युक्ती संदेशाला जशीच्या तशी लावता येत नाही. जुलै २०२५ मध्ये एफसीसीने संदेशांसाठीही अशाच व्यवस्थेचा आदेश मंजूर केला आणि कंपन्यांना तयारीसाठी कॉलपेक्षा बरीच लांब मुदत दिली. लहान कंपन्यांची कॉलसाठीची मुदतही २०२६ च्या अखेरपर्यंत चालते, आणि ग्रामीण अमेरिकेत अनेकांकडे याच लहान कंपन्यांची सेवा असते.

भारतातील टेलि-मानस या १४४१६ क्रमांकाच्या सरकारी सेवेशी तुलना करण्याचा मोह होतो. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि तिथे फोन करणाऱ्याला प्रथम भाषा निवडायला सांगतात. आपल्याकडे जवळचा माणूस म्हणजे आधी आपल्या भाषेत बोलणारा माणूस. अमेरिकेत इंग्रजी आणि स्पॅनिशखेरीज इतर भाषांसाठी दुभाष्याला फोनवर जोडून घेण्याची सोय आहे. समुपदेशकाला तसे सांगावे लागते.

अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत यातून एक साधी व्यावहारिक गोष्ट निघते. फोन लहान कंपनीचा असेल, किंवा मदत संदेश पाठवून मागायची असेल, तर तो अजूनही जुन्या एरिया कोडच्या गावी पोहोचण्याची शक्यता आहे. अशा वेळी नाव किंवा पत्ता न देता फक्त ‘मी सध्या अमुक शहरात आहे’ एवढे सुरुवातीलाच सांगितले, की समुपदेशक त्या भागातल्या सेवा शोधू शकतो. किती सांगायचे हे तिथेही फोन करणाऱ्याच्याच हातात असते.